काळ्या मातीत कापूस बहरतो, मग बोन्साय का मरतं? बुलढाण्यात बोन्सायसाठी माती कशी निवडायची

रील बघून बोन्सायच्या प्रेमात पडणाऱ्यांची संख्या कमी नाही. उथळ ट्रेमध्ये जाडजूड खोडाचा वड, खाली लोंबणाऱ्या पारंब्या, वर हिरवागार पसारा, आणि उंची जेमतेम दीड फूट. मग नर्सरीतून फायकसचं छोटं बोन्साय घरी येतं. काही महिने ते बरं चालतं. मग घरातलं कुणीतरी सांगतं, “ही काय लाल खडखडीत माती? आपल्या वावरातली काळी माती टाक, कसदार आहे.”

माती बदलली जाते. पहिल्याच पावसाळ्यात पानं पिवळी पडून गळायला लागतात. त्यातून झाड वाचलंच तर मे महिन्यात वाळतं. दोष दिला जातो कधी नर्सरीला, कधी उन्हाला, तर कधी ‘बोन्साय आपल्याकडे जगतच नाही’ या समजुतीला.

प्रत्यक्षात बुलढाणा जिल्ह्यात बोन्साय चांगलं जगू शकतं. वड, पिंपळ, उंबर, चिंच ही तर इथलीच झाडं आहेत. चूक होते ती मातीच्या निवडीत. गंमत म्हणजे बोन्सायला लागणारी ‘माती’ शेतात मिळतच नाही. ती मिळते वीटभट्टीवर आणि गिट्टीच्या खदानीवर. हे असं का, ते समजून घेऊया.

काळी माती वाईट आहे का?

अजिबात नाही. विदर्भाची काळी माती कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा पोसते. ती तयार झाली आहे दख्खनच्या पठारावरच्या बेसाल्ट खडकापासून. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर साचले, पुढे ते झिजले आणि त्यातून ही माती बनली.

या मातीत चिकणमातीचं प्रमाण खूप असतं. चिकणमातीचा कण म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान. इतक्या बारीक कणांमध्ये पाणी घट्ट धरून राहतं. म्हणूनच पाऊस संपल्यावरही जमिनीतल्या ओलीवर इथे हरभरा येतो. शेतासाठी हा मोठा गुण आहे.

पण शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. मोठा पाऊस झाला की लगेच शेतात औत घालत नाहीत. वाफसा येण्याची वाट बघतात. वाफसा म्हणजे जमिनीत ओल आहे, पण जास्तीचं पाणी निथळून गेलं आहे आणि मातीच्या कणांमध्ये हवा शिरली आहे, अशी स्थिती. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत मुळं गुदमरतात, कारण ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे १० हजार पट मंद गतीने तो पाण्यात पसरतो.

बोन्सायच्या मातीचा सगळा हिशेब या एका शब्दात बसतो. पाणी दिल्यावर काही मिनिटांत वाफशावर येते ती चांगली माती. काळी माती शेतात काही दिवसांनी तरी वाफशावर येते. उथळ कुंडीत मात्र ती वाफशावर येतच नाही.

उथळ कुंडीत नेमकं काय होतं?

घरच्या घरी एक सोपा प्रयोग करून पाहा. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. लगेच आणखी पाणी गळायला लागेल.

स्पंज तोच आहे, त्याची छिद्रंही तीच आहेत. बदलली ती फक्त उंची. बारीक छिद्रं पाणी ओढून धरतात आणि वरच्या पाण्याचं वजन ते खाली ढकलतं. उंची जास्त असली की वजन जिंकतं, उंची कमी असली की छिद्रं जिंकतात. म्हणून कोणत्याही कुंडीच्या तळाशी एक थर असा राहतो, जो पाणी निथळल्यानंतरही गच्च ओलाच असतो.

या थराची जाडी ठरते मातीतल्या छिद्रांच्या आकारावर. छिद्राचा व्यास ०.१ मिलिमीटर असेल तर ते पाणी सुमारे ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत धरून ठेवू शकतं. तोच व्यास १ मिलिमीटर असेल तर फक्त ३ सेंटिमीटरपर्यंत.

आता बोन्सायचा ट्रे आठवा. त्याची खोली बहुतेक वेळा ५ ते ८ सेंटिमीटर असते. त्यात काळी माती भरली तर तळापासून वरपर्यंत सगळा ट्रे त्या गच्च ओल्या थरातच येतो. खाली भोकं कितीही पाडली तरी फरक पडत नाही. पण दाणे मोठे असतील, तर तळाचा थोडाच भाग ओला राहतो आणि वरच्या भागात पाण्याबरोबर हवा खेळते.

मोठ्या उभ्या कुंडीत जी माती चालून जाते, ती उथळ ट्रेमध्ये का चालत नाही, याचं उत्तर हेच.

दुसरं संकट: उन्हाळ्यातल्या भेगा

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावराला पडलेल्या भेगा सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. वरची माती त्या भेगांत पडते आणि जमीन आपोआप खालीवर होते. म्हणूनच काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते, असं म्हणतात.

ट्रेमध्ये हाच गुण घातक ठरतो. घाटाखाली मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. एक दिवस पाणी चुकलं की माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. आकसताना बारीक मुळं तुटतात. संध्याकाळी पाणी घातलं की ते कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं, भरपूर पाणी दिलं. मधला मातीचा गोळा मात्र दगडासारखा कोरडाच असतो.

म्हणजे पावसाळ्यात मुळं गुदमरतात आणि उन्हाळ्यात तहानेने मरतात. कारण एकच, माती.

मग जपानमध्ये काय वापरतात?

जपानी भाषेत ‘बोन’ म्हणजे तबक किंवा ट्रे आणि ‘साय’ म्हणजे लागवड. तबकातली लागवड म्हणजे बोन्साय. तिथली माणसं माती आणि पाण्याबद्दल किती काटेकोर आहेत, याचं उदाहरण म्हणजे ओमिया. १९२३ च्या भीषण भूकंपानंतर टोकियोतल्या बोन्साय व्यावसायिकांनी नवी जागा शोधली. चांगली माती, स्वच्छ पाणी आणि हवा बघून ते सायतामा प्रांतातल्या ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये तिथे बोन्सायचं गावच वसलं. ते आजही आहे.

जपानमध्ये सर्वाधिक वापरली जाणारी बोन्सायची माती म्हणजे ‘आकादामा’. या शब्दाचा अर्थ लाल गोळे. ही ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली दाणेदार माती आहे. ती वाळवून, चाळून दाण्यांच्या आकारानुसार विकली जाते. तिचा प्रत्येक दाणा आतून सच्छिद्र असतो. तो स्वतःच्या पोटात पाणी धरतो आणि दोन दाण्यांच्या मधली जागा हवेसाठी मोकळी ठेवतो.

म्हणजे आकादामा आणि विदर्भाची काळी माती, दोघींचंही मूळ ज्वालामुखीतच आहे. फरक आहे तो दाण्याचा. एक दाण्यांच्या रूपात टिकून राहते, दुसरी पाण्यात विरघळल्यासारखी चिखल होते.

आकादामा भारतात ऑनलाइन मिळते, पण ती आयात केलेली असल्यामुळे महाग पडते. शिवाय काही वर्षांत तिचेही दाणे फुटून बारीक होतात. बुलढाण्यातल्या नवशिक्याने त्यासाठी खिसा रिकामा करायची गरज नाही. तिचे दोन मुख्य गुण, म्हणजे दाण्याच्या पोटात पाणी आणि दाण्यांच्या मध्ये हवा, इथल्या वस्तूंतही मिळतात.

तीन वस्तू, तिन्ही जिल्ह्यातच

१. विटांचे दाणे: भारतात अनेक बोन्साय करणारे आकादामाऐवजी विटांचा चुरा वापरतात. भाजलेल्या विटेत असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. बांधकामाच्या विटेने २४ तासांत वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये, असं भारतीय मानक सांगतं. यावरून एक वीट किती पाणी पोटात ठेवू शकते याचा अंदाज येतो.

वीट निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. कच्ची राहिलेली, फिकट रंगाची वीट पाण्यात पुन्हा माती होते. चाचणी सोपी आहे. विटेचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी बोटांनी चोळा. पाणी गढूळ झालं, कडा सुटायला लागल्या तर ती वीट नको. नीट भाजलेली वीट दुसऱ्या विटेवर आपटली की खणखणीत आवाज येतो. पाडलेल्या घराच्या विटा वापरायच्या असतील तर सिमेंट किंवा चुना चिकटलेले तुकडे बाजूला काढा. लोणा लागलेली, म्हणजे पांढरे क्षार फुटलेली वीट टाळा. जुन्या फुटक्या कौलांचे तुकडेही छान चालतात.

२. दगडाचे दाणे: बारीक गिट्टी किंवा खदानीवरची जाड चुरी. बेसाल्ट पाणी शोषत नाही, पण दाणे एकमेकांपासून लांब ठेवतो, निचरा वाढवतो आणि ट्रेला वजन देतो. वादळी वाऱ्यात झाड कलंडू नये म्हणून हे वजन कामी येतं. गिट्टी मिळाली नाही तर कडक मुरूम चाळून, धुऊन घ्यावा. नखाने दाबल्यावर ज्याचा भुगा होतो, तो मुरूम नको.

मुरमात आणि काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतात. त्यावर लिंबाच्या रसाचे किंवा व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे. चुना जास्त असला की झाडाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

३. सेंद्रिय भाग: पूर्ण कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत, गांडूळखत किंवा कोकोपीट. हा भाग ओल आणि अन्न धरून ठेवतो. पण तो मिठासारखा वापरायचा, भाजीसारखा नाही. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून, पिळून मगच घ्यावं. अर्धवट कुजलेलं शेणखत कुंडीत तापतं आणि मुळं जाळतं.

चाळणी हेच खरं यंत्र

वस्तू कोणतीही असो, दाण्याचा आकार चुकला तर सगळं चुकतं. लक्षात ठेवायला सोपं माप असं: मोहरीपेक्षा मोठा, हरभऱ्यापेक्षा लहान. ज्वारीच्या दाण्याएवढा आकार बहुतेक झाडांना मानवतो.

वीट गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा. तुकडे फोडताना आणि चाळताना तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा, कारण विटेची आणि दगडाची धूळ फुफ्फुसांना वाईट असते. आधी मोठ्या भोकांच्या चाळणीने हरभऱ्यापेक्षा मोठे तुकडे वेगळे करा. ते पुन्हा फोडता येतात. मग गव्हाच्या चाळणीने बारीक भुगा पाडून टाका. चाळणीवर जे उरेल, ते पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवा.

हा भुगा टाकून देण्याचा अनेकांना मोह आवरतो, वाया जातंय असं वाटतं. पण तोच भुगा दाण्यांच्या मधल्या जागा बुजवतो. भुग्यासकट भरलेला ट्रे आणि काळ्या मातीचा ट्रे, काही महिन्यांत दोन्ही सारखेच होतात.

कोणत्या झाडाला किती?

खालची प्रमाणं डब्याने मोजायची आहेत, वजनाने नाही. एकूण १० डबे मिश्रण धरलं तर सुरुवात अशी करता येईल:

- वड, पिंपळ, उंबर, फायकस: विटांचे दाणे ५, दगडाचे दाणे ३, सेंद्रिय भाग २
- चिंच, बोगनवेल: विटांचे दाणे ५, दगडाचे दाणे ३.५, सेंद्रिय भाग १.५
- जेड, अडेनियम: विटांचे दाणे ५, दगडाचे दाणे ४, सेंद्रिय भाग १
- कामिनी, डाळिंब: विटांचे दाणे ५, दगडाचे दाणे २.५, सेंद्रिय भाग २.५

जेड आणि अडेनियम स्वतःच्या खोडापानांत पाणी साठवतात, म्हणून त्यांना कोरडं मिश्रण. कामिनीला ओल जास्त लागते, म्हणून तिला खत-कोकोपीट जास्त.

आता जिल्ह्याचा हिशेब. बुलढाण्यात कुणालाही विचारलं तरी तो आधी ‘घाटावर की घाटाखाली’ हे सांगेल. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे हे दोन भाग केले आहेत. घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकर भागात हवा त्यामानाने सौम्य असते. तिथे वरची प्रमाणं तशीच ठेवता येतात. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगावच्या गच्चीवर ट्रे ठेवला असेल, तर तो फार लवकर वाळतो. तिथे वड-पिंपळासाठी दगडाचा एक डबा कमी करून त्याऐवजी विटेचा अर्धा आणि कोकोपीटचा अर्धा डबा वाढवावा. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी देणं शक्य नसेल, तर हा बदल झाडाला वाचवू शकतो. दुपारच्या उन्हात हिरवी जाळी तर हवीच.

माती चांगली, पण पाणी?

हा मुद्दा बोन्सायच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये नसतो आणि घाटाखालच्या अनेक गावांत तोच सगळ्यात महत्त्वाचा असतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतल्या अनेक गावांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट आहे. असं पाणी रोज ट्रेमध्ये घातलं तर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. शेतात पावसाने क्षार खोल जातात. ट्रेमध्ये खोलच नसते. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात, मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो. लोक समजतात, पाणी कमी पडलं, आणि तेच खारट पाणी आणखी घालतात.

यात सोडियमचं प्रमाण जास्त असेल तर आणखी एक गोष्ट घडते. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि छिद्रं बुजवतात. म्हणजे काळी माती आणि खारं पाणी एकत्र आलं की निचरा पूर्ण बंद. विटा-दगडाच्या मिश्रणात हा धोका कमी असतो, हे त्याचं आणखी एक कारण.

पाणी तपासून घेता येतं. जिल्ह्यात बुलढाणा आणि जळगाव जामोद इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, आणि अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. माती आणि पाणी कुठे तपासून मिळेल, याची चौकशी तिथे करता येते. अहवालात पाण्याची ‘विद्युत वाहकता’ दिलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती ०.७ डेसीसिमेन्स प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर सिंचनाला अडचण नाही. ०.७ ते ३ मध्ये काळजी घ्यावी लागते आणि ३ च्या वर असेल तर पाणी वापरण्यावर कडक बंधनं येतात. हे आकडे शेतासाठीचे आहेत. उथळ ट्रेसाठी त्याहून जास्त सावध राहावं.

उपाय खर्चिक नाही. पावसाळ्यात पत्र्याचं किंवा गच्चीचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये साठवा. चार-पाच ट्रेंना ते बरेच दिवस पुरतं. खारं पाणी वापरणं भागच असेल, तर दर वेळी तळातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत द्या आणि पंधरा दिवसांतून एकदा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने ट्रे धुऊन काढा. आणि आरओ मशीनमधून बाहेर टाकलेलं पाणी झाडांना घालू नका. मशीन जे क्षार काढतं, ते सगळे त्याच पाण्यात असतात.

या चुका हमखास होतात

काळ्या मातीत थोडी रेती मिसळणं: निचरा वाढेल म्हणून हे केलं जातं. पण रेतीच्या दाण्यांमधली जागा चिकणमाती भरून काढते आणि मिश्रण वाळल्यावर गिलाव्यासारखं घट्ट होतं. थोड्या रेतीने काळी माती सुधारत नाही.

तळाला गोट्यांचा थर देणं: हा सल्ला घरोघरी दिला जातो. पण बारीक मातीतलं पाणी सहजासहजी मोठ्या पोकळीत उतरत नाही. ओला थर तेवढाच राहतो, फक्त तो वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकांवर जाळी लावली की पुरे.

नुसतं गांडूळखत भरणं: सुरुवातीला पालवी जोमाने फुटते. वर्षभरात खत कुजून बसतं, उंची निम्मी होते आणि मुळांना हवा मिळत नाही.

लोणारची माती आणणं: ‘विवराची माती’ म्हणून कुतूहल वाटणं साहजिक आहे. पण लोणार सरोवराचं पाणी अत्यंत अल्कधर्मी आहे, त्याचा सामू १० च्या आसपास असतो. काठची खारट माती झाडाला मारक ठरते. शिवाय ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. तिथून माती उचलणं योग्य नाही. हेच ज्ञानगंगा किंवा अंबाबरवा अभयारण्यातून रोप उपटून आणण्याबद्दलही. जुन्या भिंतीच्या फटीत उगवलेली पिंपळाची आणि वडाची रोपं गावोगावी असतात. घरमालकाला विचारून ती काढली, तर भिंतही वाचते आणि रोपही.

माती कधी आणि कशी बदलायची?

वड, पिंपळ, उंबर, फायकस यांच्यासाठी पावसाळ्याची सुरुवात सगळ्यात सोयीची. हवेत दमटपणा येतो, ऊन उतरतं आणि नवी मुळं लवकर फुटतात. भर मे महिन्यात कितीही उत्साह आला तरी मुळांना हात लावू नये.

झाड ट्रेमधून काढल्यावर काडीने मुळांभोवतीची जुनी माती हळूहळू सोडवा. नर्सरीतल्या झाडाच्या मुळांशी बहुतेक वेळा लाल चिकट मातीचा गोळा असतो. तो तसाच ठेवून भोवती नवं मिश्रण भरलं तर गोळा एक वागतो आणि मिश्रण दुसरं. बाहेर कोरडं, आत चिखल. म्हणून तो गोळा मोकळा करणं महत्त्वाचं. झाड अशक्त असेल तर यंदा अर्धी माती काढा, उरलेली पुढच्या वेळी. मुळांचा साधारण तिसरा भागच छाटावा.

भोकांवर जाळी बसवा, तारेने झाड ट्रेला बांधा, म्हणजे वाऱ्याने हलून नवी मुळं तुटणार नाहीत. मिश्रण भरताना काडीने टोचत राहा, मुळांखाली पोकळी राहू देऊ नका. मग झारीने खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या. दोन आठवडे सावलीत ठेवा, महिनाभर खत नको.

मिश्रण जमलं की नाही, हे लगेच कळतं. भरपूर पाणी ओतल्यावर ते मातीवर तुंबून न राहता काही सेकंदांत आत जिरलं आणि खालून वाहू लागलं, तर जमलं. वर डबकं साचलं, तर भुगा राहिला आहे.

रोज पाणी द्यायचं की नाही, यासाठी उदबत्तीची जुनी काडी कडेला खोचून ठेवा. काडी बाहेर काढल्यावर ओलसर गडद दिसली तर थांबा, कोरडी दिसली तर पाणी द्या.

अन्न कुठून मिळणार?

विटा आणि दगडांत पोषण जवळपास नसतं, हे खरं आहे. म्हणूनच अशा मिश्रणात खत थोडं थोडं, पण नियमित द्यावं लागतं. जपानमध्ये त्यासाठी तेलबियांची पेंड वापरण्याची जुनी पद्धत आहे. बुलढाणा जिल्ह्यात तर ढेपेला तोटा नाही. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ, त्यामुळे सरकीची ढेप सहज मिळते. निंबोळी पेंडही मिळते. चिमूटभर पेंड मातीच्या वर, खोडापासून लांब, महिन्यातून एकदा ठेवली की पाणी देताना ती हळूहळू झिरपते. कडक उन्हाळ्यात आणि थंडीत झाड थांबलेलं असताना हात आखडता घ्यावा.

मग काळ्या मातीचा काहीच उपयोग नाही?

आहे, आणि मोठा आहे. बोन्सायचं जाड खोड ट्रेमध्ये तयार होत नाही. ट्रेमध्ये झाड जवळपास त्याच जाडीचं राहतं. खोड जाड करायचं असेल तर रोप आधी काही वर्षं जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळं वाढवावं लागतं. जाणकार हेच करतात.

ज्यांच्याकडे बांधावर किंवा परसात थोडी जागा आहे, त्यांच्यासाठी ही काळी माती म्हणजे वरदान आहे. पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर वडाचं किंवा चिंचेचं रोप लावावं, मुळं खोल न जाता पसरावीत म्हणून खाली एक फरशी ठेवावी आणि तीन-चार वर्षं त्याला वाढू द्यावं. जमिनीत खोली आहे, त्यामुळे तिथे ही माती वाफशावर येते आणि रोप पोसते. खोड मनासारखं झालं की पावसाच्या सुरुवातीला ते काढून विटा-गिट्टीच्या मिश्रणात, ट्रेमध्ये आणावं.

शहरातल्या गच्चीवर बोन्साय करणाऱ्यांकडे ही सोय नसते. बुलढाण्यातल्या शेतकऱ्याच्या घरात मात्र सगळंच आहे: खोड घडवायला वावर, ट्रे भरायला वीटभट्टी आणि खदान, खताला ढेप. विकत घ्यायची ती फक्त एक चांगली चाळणी.